सात दहाची गाडी आणि चाळीसचा आकडा

३ मार्च

चि. मुंगीस अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. फोनवर आपण दोघे तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्रच बरे. तू विचारतेस की परिवहन खात्याच्या अहवालात तुमची गाडी रिकामी धावते असे लिहिले आहे, आणि तू तर अकरा वर्षे हॉस्पिटलच्या ड्यूटीवर उभ्यानेच जातेस. मग खोटे कोण बोलते? हे कोडे पुष्कळांना पडते, आणि त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. कोणीच नाही!

समज, तुमच्या एका डब्याच्या गाडीच्या दिवसात दोनच फेऱ्या आहेत. सकाळी नव्वद माणसे, दुपारी दहा. खाते म्हणेल, सरासरी पन्नास. पण त्या शंभर जणांना विचारलेस तर नव्वद जण सांगतील की डब्यात पाय ठेवायला जागा नसते. रिकाम्या फेरीची साक्ष द्यायला माणसेच थोडी! दोन्ही उत्तरे खरी.

निर्णय मात्र सरासरीवर होतो. फेरीमागे सरासरी चाळीस प्रवासी नसतील तर वित्त खाते अनुदान थांबवते, आणि तुमच्या गाडीच्या तिकिटांतून तर तिचे डिझेलही निघत नाही. तुमचा आकडा तेवीस आहे. तीस एप्रिलला निकाल. अहवाल मीच केला आहे आणि आकडा वाढवणे माझ्या हातून होणार नाही, हे तू जाणतेस. आईला माझ्याकडे आणण्याचा विचार आतापासून करावा.

तिला सा. न. सांग. रागावलीस तरी लोभात कपात करू नकोस.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सरासरीपंत, तुमचं स्पष्टीकरण आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, लहानपणी फुलदाणी फोडलीस तेव्हाही असंच समजावून सांगितलं होतंस, आणि तेव्हाही तिला पटलं होतं.

आईला तुझ्याकडे न्यायचं म्हणतोस. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. या घरात ती भिंतीला हात न लावता फिरते, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते. तुझ्या फ्लॅटवर आली होती तेव्हा बाथरूम समजून कपाटाचं दार उघडून उभी राहिली आणि कुणाला हाक मारायला लाजली. तुला हे माहीत नाही, कारण तिनं सांगू दिलं नाही. गाडी बंद झाली तर रस्त्यानं जाऊन-येऊन रोज सहा तास. मला हॉस्पिटलजवळ खोली घ्यावी लागेल. मग तिनं कुठं जायचं?

आता दुसरं. तिकीट तपासनीसकाकांना मी विचारलं की आम्हाला मोजतं कोण आणि कधी. ते म्हणाले, मोजणीदार फक्त शेवटच्या स्टेशनात मोजतो, कारण तिथे गाडी बारा मिनिटं थांबते. येताना किती उतरले, जाताना किती चढले, झालं. अरे, तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं, आणि ती इमारत एक थांबा अलीकडे आहे! आम्ही नर्सा, पेशंट, त्यांचे नातेवाईक, सगळे तिथेच उतरतो. पुढे जातात बाजाराची पंधरा-वीस माणसं. हा नियम कुण्या शहाण्यानं केला? त्याला माझा कोपरापासून नमस्कार कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी

१७ मार्च

चि. मुंगीस अ. उ. आ.

नमस्कार पोचला. तो शहाणा मीच.

नऊ वर्षांपूर्वी मी तो नियम लिहिला. धावत्या डब्यात मोजताना चुका होतात. म्हणून गाडी सर्वांत जास्त वेळ थांबते तेथे मोजावे. हॉस्पिटल तेव्हा त्या स्टेशनासमोरच होते. ते हलले आणि माझा नियम जागीच राहिला. तुला पाठवलेले ते नव्वद आणि दहाचे उत्तर मला इतके आवडले होते की त्याच्या पुढे पाहायचेच राहून गेले.

परवा मी स्वतः सात दहाच्या गाडीत बसलो आणि प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजली. हॉस्पिटलच्या थांब्याआधी एकशे बारा. नंतर एकोणीस. तू त्या दिवशी रजेवर होतीस, ते बरेच झाले. घरी आलो नाही, त्याबद्दल क्षमा असावी. कोणी म्हणाले असते, आधी घरी पाहुणचार, मग मोजणी.

संचालकांना सांगितले. ते म्हणाले, अहवाल सहीनिशी वर गेला आहे, आणि त्याच गाडीने तुमची बहीण जाते हे उद्या उघड झाले तर? मी दोन्ही गोष्टी लेखी दिल्या: माझी चूक आणि तुझा प्रवास. या कामातून मला दूर केले आहे. नव्या अधिकारीबाई सर्व फेऱ्यांची पुन्हा मोजणी करतील, तीन ते आठ एप्रिलमधल्या कोणत्या तरी एकाच दिवशी. तशी नोटीस तुमच्या स्टेशनावर लागेल. त्या एका दिवसाच्या सरासरीवर सर्व काही ठरेल.

आशीर्वाद आहेतच, तुझा विश्वास उरला असेल तर तो असू दे.

दादा

२६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नोटीस लागली आणि गाव उठून बसलं. शिंपीदादानं यादी केली आहे. आठवडाभर, पाळीपाळीनं, प्रत्येक फेरीला तीस माणसं नुसतं बसून जाणार आणि परत येणार. शाळेचे दोन वर्ग मास्तर घेऊन येणार. न्हावी म्हणतो, मेलेल्या गाडीला खांदा देण्यापेक्षा जिवंत गाडीत बसू. रविवारच्या पहिल्या फेरीत यादीतलं पहिलं नाव माझं आहे. तुला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगते.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं बघवत नाही. काल आईनं मला जवळ बसवून विचारलं, दादाच्या घरात पलंगापासून दारापर्यंत किती पावलं, आणि वळायचं कुठं. सहज विचारल्यासारखं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, माहिती असावी. मग कालपासून दुपारी ती स्वयंपाकघरात पावलं मोजत फिरते. मोजणं आता आपल्या घरात सगळ्यांनाच लागलंय.

पत्राला उशीर करू नकोस.

मुंगी

२९ मार्च

चि. मुंगीस अ. उ. आ.

हे जलद टपालाने पाठवतो आहे. वाचलेस की ऊठ आणि ती यादी थांबव.

नीट समजून घे. बाई केवळ डोकी मोजत नाहीत. त्या दिवसाचा आकडा त्या मार्गावरच्या महिन्याभराच्या तिकिटांशी आणि पासांशी ताडून पाहतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मार्गावर मोजणीच्या दिवशी प्रवासी एकाएकी तिप्पट झाले. त्यांनी तो पूर्ण दिवस बाद केला आणि जुना आकडा कायम ठेवला. तुमचा जुना आकडा तेवीस आहे.

आता तू विचारशील, खरे प्रवासी पुरतील का? पासांवरून मी पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. सरासरी अडतीस ते सत्तेचाळीसच्या मध्ये कोठे तरी येते. चाळीस त्याच्या आतच आहे. याहून अधिक मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव या वेळी आणणार नाही.

आईसाठी: पलंगापासून दारापर्यंत सात पावले. डावीकडे भिंत धरून चार. दुसरे दार बाथरूमचे. कपाटाला मी कुलूप घालीन.

दादा

२ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं 'मिळालं' म्हणालास आणि मला रडू फुटलं, म्हणून सविस्तर आज.

तुझं पत्र आल्यापासून रोज ड्यूटीआधी आणि ड्यूटीनंतर मी फलाटाच्या दारात उभी राहिले. मास्तरांनी ऐकलं आणि पोरांना परत नेलं. शिंपीदादा पेटला. भर फलाटावर म्हणाला, भाऊ सरकारचा, बहीणही सरकारचीच. गाडी गेली की तुझ्या दारात येऊन बसतो, जेवायला वाढ. मी म्हटलं, वाढेन, पण आज घरी जा. गेला, पण माझ्याशी बोलणं टाकलं.

बाई गुरुवारी आल्या. नेमक्या त्या दिवशी आमच्या वॉर्डच्या दोघी रजेवर! बाई डब्यातच दाराशी उभ्या होत्या, हातात मोजायचं यंत्र. प्रत्येक टिक माझ्या दातांत वाजत होती. दुपारच्या फेरीत सात माणसं होती म्हणे.

सरासरी आली एक्केचाळीस. तीन वर्षांचं अनुदान. पण दुपारची जायची-यायची फेरी बंद. त्या सातांत शिंपीदादाची बायको आहे, मनगटाच्या व्यायामाला हॉस्पिटलात येते. आता सकाळी येऊन ती संध्याकाळपर्यंत आमच्या बाकावर बसून असते. काल मी तिला डबा दिला. तिनं घेतला. तो मात्र अजून बोलत नाही.

आई आता दुपारी झोपते, पावलं मोजत नाही.

आमच्याकडे यायला आता कुणाच्या परवानगीची गरज नसावी.

मुंगी

१० मे

चि. मुंगीस अ. उ. आ.

त्या सात जणांचे मी बाईंना लिहिले आहे. उत्तर येईल की नाही, ठाऊक नाही. शिंपीदादाला मी येईन तेव्हा भेटेन; त्याचा राग निम्मा माझ्या वाट्याचा आहे. शनिवारी येतो. आईला सांगितलेस तरी चालेल. मोजणीदारांसाठी एक पानभर सूचना लिहून द्यायला बाईंनी मला सांगितले आहे. त्यातली पहिली तुझ्यावर करून पाहतो.

भेटीपर्यंत लोभ जपून ठेव.

दादा

ता. क. सोमवारी गाडीत बसलीस की पहिल्या थांब्यापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत जा. प्रत्येक थांबा सुटला की डोकी मोज आणि आकडा लिही. मग सर्वांत मोठा आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी ठेव. पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा निघाला, तर तुमच्या गाडीविषयी बोलणाऱ्याला विचार, तो कोठे उभा होता. आणि मोजताना स्वतःला वगळू नकोस. मी तुला तीन वर्षे वगळले होते.