चिंच तुम्ही साहेबांना दिलीत

नाना, तुमचा फोटो धाकट्या भावाच्या घरी लावलेला आहे, माझ्याकडे नाही. त्यामुळे हे लिहिताना तुमचा चेहरा समोर नाही, आणि ते बरंच आहे. धाकट्याला यातलं काही माहीत नाही. आता त्याला सांगून त्याच्या म्हातारपणात विष कालवायचं माझ्या मनात नाही. आई होती तोवर तिच्याशी बोलता आलं असतं, पण ती विषय निघाला की उठून चुलीपाशी जायची. राहिलात तुम्ही.

तुम्हाला ती चिंच आठवतही नसेल. दुष्काळाची वर्षं होती. केडगावात आपण दोन खोल्यांत राहत होतो, तुम्ही कचेरीत हेडक्लार्क होता आणि मी नगरातल्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. भिंगारच्या लष्करी वसाहतीतल्या एका मेजरांची मुलगी माझ्या वर्गात होती. ती बरेच दिवस आजारी होती म्हणून मी तिला बघायला गेले, तर व्हरांड्यात ओळीनं झाडं मांडलेली, सगळी माझ्या गुडघ्याच्या खाली. वड होता, उंबर होता, आणि कडेला एका उथळ कुंडीत चिंच. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला असते तशीच, सुरकुतलेल्या खोडाची, हातपाय पसरून बसल्यासारखी, फक्त वीतभर उंचीची. माझा चहा तिथंच गार झाला. मुलीची आई बडोद्याकडची होती, मराठी बोलायची. म्हणाली, "याला बोन्साय म्हणतात. बदली झाली की सगळी नेता येत नाहीत, म्हणून एखादं विकते. पण हौस दोन दिवसांची असेल तर घेऊ नका." पुढच्या पगारात मी ती चिंच घेतली. स्वतःसाठी घेतलेली ती माझी पहिली वस्तू. सायकलच्या मागं बांधायचा धीर होईना, म्हणून एका हातात कुंडी आणि एका हातात सायकल धरून मी भिंगारहून केडगावपर्यंत चालत आले. वाटेत लोक बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

आई दारातच म्हणाली, "चिंच आन घरात? भुताटकीचं झाड त्ये." तुम्ही कुंडीकडे वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "ह्याला चिंचा यायच्या कधी?" मी म्हटलं, नाही आल्या तरी चालतील. तुम्ही हसलात. ते हसणं चांगलं नव्हतं, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

मला काहीच येत नव्हतं. लाडानं मी ती खोलीत, ट्रंकेवर ठेवली. आठवड्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून भिंगारला गेले, तर बाई म्हणाल्या, "अहो, ही उन्हातली आहे. तिला घरात कोंडलंत तर ती कशी जगेल?" मग त्यांनी सगळं दाखवलं. माती बोटानं चाचपून बघायची, ओली लागली तर पाणी द्यायचं नाही. नवा फुटवा आला की दोन पानं ठेवून बाकीचा खुडायचा. फांदीला तांब्याची तार सैल गुंडाळून हळूहळू वाकवायची आणि साल दबायच्या आत काढून टाकायची. मुळं छाटायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटले, तर त्यांनी माझा हात धरून कात्री चालवली. "बघत कापा," म्हणाल्या. मी ओट्यावर ऊन येतं तिथं कुंडी ठेवू लागले. संध्याकाळी शाळेतून येते, सायकल लावते आणि बघते तर तिची इवली पानं मिटायला लागलेली असतात, मोठ्या चिंचेची मिटतात तशीच. रोज बघून रोज नवल वाटायचं.

नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मी प्यायच्या पाण्यातला थेंबही त्या झाडाला घातला नाही. तांदूळ धुतलेलं पाणी आई गाडग्यात ठेवायची, तेच मी घालत होते, आणि तुम्ही ते रोज बघत होता. तरी एकदा जेवताना, मामा आलेले असताना, तुम्ही म्हणालात, "लोकं उन्हात खडी फोडायला जात्यात, आन आमच्या मास्तरणीची चिंच घरात बसून पानी पिती." मामा हसले. तुमची बोली शेवटपर्यंत पारनेरकडची राहिली. कचेरीत तुम्ही शुद्ध बोलायचात, घरात लागेल असं बोलायचात. मी ताटावरून उठले नाही. उठले असते तर आईला ऐकावं लागलं असतं.

मग तो दिवस. मी शाळेतून आले आणि ओट्यावर कुंडी नव्हती. खाली फक्त मातीचा ओला गोल. मला वाटलं कुणी चोरली. आई आत भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. "त्येंनी नेली," म्हणाली. "कचेरीतल्या सायबांच्या बाईस्नी झाडांची हौस हाय. धाकट्याच्या नोकरीची आर्डर त्येंच्याच हातात हाय ना." तुम्ही रात्री आलात, पाय धुतलेत, पाटावर बसलात. मी विचारलं, "मला सांगायचं तरी होतंत." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "एक कुंडी तर व्हती. दुसरी आन." मी पुन्हा म्हटलं, "ती माझी होती, नाना." त्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खरंच न कळल्यासारखं, आणि विचारलंत, "ह्या घरात तुझं-माझं कवापासनं झालं?" धाकटा समोर जेवत होता. त्याला वाटलं आपण कुठल्या तरी भांड्याबद्दल बोलतोय.

हे इथंच संपलं असतं तर मी विसरलेही असते. पण महिन्याभरानं तुम्हीच म्हणालात, "बाईसाहेब म्हनत्यात, पानं गळाय लागली. रविवारी जाऊन बघ जरा. आर्डर अजून निघायची हाय." मी गेले. धाकट्यासाठी गेले असं तुम्हाला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. बंगल्याच्या मागच्या दारानं शिपायानं मला आत घेतलं. चिंच दिवाणखान्यात होती, शोभेसाठी पितळेच्या घंगाळात ठेवलेली, आणि नोकर रोज वरून तांब्याभर पाणी ओतत होता. गावात लोक टँकरमागं धावत होते आणि इथं माझं झाड पाण्यात बुडून मरत होतं. कुंडी उचलली तर मुळांना कुजका वास येत होता. बाईसाहेब वाईट नव्हत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची कमाल आहे हं. नोकरी सांभाळून इतकी वर्षं आपल्या हातानं वाढवलंय म्हणाले हे झाड. मुलीलाही थोडं शिकवलंय, ती येऊन बघेल म्हणाले."

मी कप बशीत ठेवला. म्हटलं, "हो, त्यांना हौस आहे."

मी मागच्या अंगणात बसून कुजलेली मुळं कापली, विटेचा बारीक चुरा मातीत मिसळून चिंच पुन्हा लावली आणि नोकराला बजावलं की हिला उन्हात ठेवायची, पाणी मी सांगेन तेव्हाच. मग दर रविवारी जात राहिले. तुम्ही खूश होता. शेजाऱ्यांना सांगायचात, पोरीचं साहेबांच्या घरात जाणं-येणं आहे. बरेच रविवार ती नुसती काडी होऊन उभी होती. मग एकदा खोडाच्या वाकणात टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा फुटवा दिसला. मी अंगणात एकटीच होते आणि मोठ्यानं हसले. त्याच आठवड्यात धाकट्याची ऑर्डर निघाली. तुम्ही पेढे वाटलेत, माझ्या हातावरही एक ठेवलात. रविवारी मी सायकल काढली तर तुम्ही ओट्यावरूनच म्हणालात, "आता कशाला? काम झालं की. सारखं सायबाच्या दारात जानं बरं दिसत न्हाई."

मी सायकल परत लावली. नाना, मी तेव्हा कमावती होते, शाळेत चाळीस पोरी माझ्या आवाजाला दबून असायच्या, आणि मी मुकाट्यानं सायकल परत लावली. पुढं साहेबांची बदली झाली. सामानाचा ट्रक गेला एवढं तुमच्याकडूनच कळलं. चिंच त्यात होती की बंगल्याच्या मागं टाकून दिली, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी तुम्हाला विचारलं नाही. भिंगारच्या बाई त्याआधीच गेल्या होत्या. धाकटा त्याच नोकरीतून सन्मानानं निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात तो म्हणाला, माझ्या वडिलांनी कधी कुणापुढं हात पसरला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा शेवटचे दिवस मी तुमच्या उशाशी बसत होते. तुम्ही धाकट्याबद्दल बोललात, गावाकडच्या विहिरीबद्दल बोललात. मी वाट बघत होते. कशाची, ते आता लिहायलाही लाज वाटते.

हा कागद मी फाडून टाकीन, किंवा जुन्या साड्यांखाली ठेवीन. पण एक गोष्ट त्याआधी लिहायची आहे. नवऱ्याला, मैत्रिणींना मी ही हकिकत अर्धीमुर्धी सांगत आले, आणि दरवेळी शेवटी म्हणत आले की वडिलांनी नुसतं विचारलं असतं तर मी हसत दिली असती. ऐकणारे हळहळतात. ते खोटं आहे. तुम्ही विचारलं असतंत तरी मी ती दिली नसती, नाना. धाकट्याच्या नोकरीसाठीसुद्धा नाही.