बांगडीची खूण

लोहा,
मंगळवार, दुपार

प्रिय ज्योत्स्ना,

तुझा फोनवरचा निरोप मी चार वेळा ऐकला. येत्या रविवारी लातूरला आपलं तेच जुनं नाटक, तू पुन्हा किल्लेदारीण, आणि डाव्या विंगेत खुर्चीवर वही घेऊन मी. तू म्हणतेस, सिंधु, तुझ्याशिवाय दुसरं कुणी तिथं बसलेलं मला चालायचं न्हाई. इतकी वर्षं मुंबईत राहून तुझं 'न्हाई' अजून मुखेडचंच आहे हे ऐकून बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण मी 'न्हाई' म्हटलं की लोक मला गावंढळ म्हणतात आणि तू म्हटलंस की मातीशी नाळ टिकवून आहे म्हणतात. बघ, पहिल्याच परिच्छेदात सुरू झाले. तर तुला हो म्हणायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती वाचून कदाचित तूच मला नको म्हणशील. फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि मग माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला.

इकडचं सगळं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, कॉलेज चालू आहे, आमचे हे निवृत्तीची वाट बघून राहिलेत. यंदा बी.ए.च्या मुलांना मूळ इंग्रजीतली तीच शोकांतिका लागली आहे, आपल्या सरांनी जी मराठीत आणली होती. राजा विश्वासानं सरदाराच्या घरी पाहुणा येतो, बायको, म्हणजे आपली किल्लेदारीण, नवऱ्याच्या हातात सुरा देते, खून करून तो गादीवर बसतो, आणि पुढं दोघांच्या आयुष्याची माती होते. दरवर्षी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते, खरा अपराध कुणाचा, त्याचा की तिचा. पोरं दोन गट करून भांडतात आणि तास संपतो. परवा मागच्या बाकावरची अक्षरा उठली आणि तिनं विचारलं, मॅडम, त्या सरदाराच्या मित्राला तर सगळं कळून चुकलं होतं, तरी तो मूग गिळून बसला, मग तो गद्दार नाही का. मी म्हटलं, परीक्षेला हा प्रश्न येत नाही, आणि मागं वळून फळा पुसायला लागले. त्या दिवशी फळ्यावर मी अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

तुला नांदेडच्या होस्टेलची ती खोली आठवते का गं? तुझी खाट खिडकीजवळ आणि माझी दाराजवळ, तीही आपण चिठ्ठी टाकून ठरवलेली. तिथंही तुझंच नशीब. तुझ्या आईचा शेंगदाण्याचा ठेचा आला की मुली आपल्या खोलीत गोळा व्हायच्या, आणि माझ्या आईच्या धपाट्यांना कुणी विचारायचं नाही. मी तुझ्यापेक्षा गोरी होते, माझे मार्क जास्त होते, इंग्रजी तर तुला मीच शिकवायचे. तरी तू दारातून आत आलीस की खोली तुझी व्हायची. मला तू लई आवडायचीस. आणि तू मला सहनही व्हायची नाहीस. ही दोन्ही एकाच पोटात राहू शकतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं, आता पुरतं माहीत झालंय.

ईश्वरप्पा सरांनी नाटक लिहून पूर्ण केलं तेव्हा त्याच्या पाच प्रती मी हातानं उतरवून काढल्या होत्या, कार्बन लावून, बोटं निळी होईपर्यंत. त्यामुळं किल्लेदारीण मला तोंडपाठ झाली होती. सरांनी आपल्या दोघींना आठ दिवस आलटून पालटून उभं केलं. मी एकही शब्द चुकले नाही. तू रोज चुकलीस, रोज वेगळ्या ठिकाणी अडलीस, आणि एका ठिकाणी तर न चुकता अडायचीस. नवव्या दिवशी सर म्हणाले, किल्लेदारीण ज्योत्स्ना करील, आणि सिंधुचं पाठांतर चोख आहे, तर वही तिच्याकडं द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. चोख पाठांतराचं बक्षीस म्हणून मला अंधारात बसवलं. मी तेव्हा तुला मिठी मारून म्हटलं होतं की मला फार आनंद झाला. ते खोटं होतं, ज्योत्स्ना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

सरांची पद्धत तुझ्या लक्षात असेलच. विंगेतून ओरडायचं नाही, वाक्यच्या वाक्य सांगायचं नाही. नट अडला की त्यानं आपली ठरलेली खूण करायची, आणि प्रॉम्प्टरनं पुढचे फक्त दोन शब्द ओठांवर ठेवायचे. तुझी खूण बांगडी. डाव्या हातातली हिरवी बांगडी उजव्या हातानं फिरवलीस की मी तुला दोन शब्द द्यायचे. महिनाभराच्या तालमीत तू किती वेळा बांगडी फिरवलीस आणि मी एकदा तरी चुकले का? सरांनी आपल्याला औशाचा किल्ला दाखवायला नेलं होतं, दगडाला हात लावा म्हणजे भूमिका कळेल म्हणून. तिथं तटावर उभी राहून तू म्हणालीस, सिंधु, मला आता कशाचंच भ्या वाटत न्हाई, तू हायस की तिथं बसलेली. परतीच्या एसटीत तू माझ्या खांद्यावर झोपलीस. मी सगळा रस्ता तुझ्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते की हिच्यात असं काय आहे.

लातूरच्या स्पर्धेच्या दिवशी येताना एसटीच्या दारात तुझा हात आपटला आणि तुझ्या बांगड्या फुटल्या. मी माझ्या काढून तुला घातल्या. माझ्या मावशीनं दिलेल्या होत्या त्या. तुझा मेकअप झाल्यावर सर आले, त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले होते. मग वळून मला म्हणाले, वही नीट धर. एवढंच. माझ्या बांगड्या तुझ्या हातात, माझी पाठ केलेली वाक्यं तुझ्या तोंडात, आणि मला वही नीट धर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आता ऐक. तो प्रवेश. दासी निघून गेली आहे, नरसिंग किल्लेदाराच्या वेषात सुरा घेऊन दाराशी उभा, त्याचा पाय उचलत नाही, आणि तुला म्हणायचं आहे ते वाक्य, जिथं तू नेहमी अडायचीस. तू अडलीस. तू बांगडी फिरवलीस. मला ती दिसली. माझ्या हातात पान बरोबर होतं, बोट ओळीवर होतं, शब्द माझ्या जिभेवर होते. मी विसरले नव्हते, माझं लक्ष दुसरीकडं नव्हतं. मी मुद्दाम ओठ मिटून घेतले. पडू दे एकदा हिला, असं मला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

तू पुन्हा बांगडी फिरवलीस. मग तिसऱ्यांदा. नरसिंगला घाम फुटला होता, मागच्या विंगेत सरांनी कपाळाला हात लावला होता. मग तू विंगेकडं बघितलंस, सरळ माझ्याकडं. तुला तिथं काय दिसलं हे मी कधी विचारलं नाही. तू मान फिरवलीस, हळू चालत नरसिंगजवळ गेलीस, त्याचं मनगट धरलंस आणि काहीएक न बोलता त्याला दारातून आत ढकललंस. मग पदर सारखा केलास. टाळ्या थांबेनात. परीक्षक म्हणाले की विश्वासघात इतका शांत असतो हे आम्ही आज पाहिलं. तुला सुवर्णपदक मिळालं, आणि त्यातल्याच एका परीक्षकांनी तुला मुंबईला बोलावून घेतलं.

नाटकात सुरा चालवणाऱ्याला मुकुट तरी मिळतो. इथं सुरा मी चालवला आणि मुकुट तुझ्या डोक्यावर बसला.

बरं, गोष्ट तिथं संपली असती तर मी ती केव्हाच हसण्यावारी नेली असती. पण पडदा पडल्यावर तू धावत विंगेत आलीस, माझ्या गळ्यात पडलीस आणि विचारलंस, तुला कसं कळलं गं, इथं शब्द नकोच होता म्हणून? आणि मी म्हटलं, कळतं की. या दोन शब्दांनी मी दुसऱ्यांदा वाटोळं केलं, यावेळी तुझं नाही, माझंच. पहिला गुन्हा रागाच्या भरात झाला. हा मी हसत हसत केला.

नंतर तू मोठी झालीस. बांगडी फिरवून गप्प होणं ही तुझी ओळख झाली. मालिकेत सासू झालीस तरी तीच बांगडी, सिनेमात वकील झालीस तरी तीच. आमच्या गॅदरिंगला पोरी तुझी नक्कल करतात, बांगडी फिरवतात आणि टाळ्या घेतात. सगळ्यांना वाटतं ही अभिनयाची जागा आहे. तू मदत मागून राहिली आहेस हे महाराष्ट्रात एकट्या मला कळतं. मागं तू पेपरात मुलाखत दिलीस की गप्प कधी बसायचं हे मला माझ्या मैत्रिणीनं शिकवलं, तेव्हा प्राचार्यांनी ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं आणि मला शाल दिली. ती शाल मी एकदाही पांघरलेली नाही. आणि खरं सगळंच सांगायचं तर हेही सांगते, तुझा तो मोठा सिनेमा आठवड्यात उतरला तेव्हा मी घरी शिरा केला होता. यांनी विचारलं, आज काय विशेष. मी म्हटलं, सहज.

एवढी वर्षं मला वाटत होतं की मला पश्चात्ताप आहे. पोरांना शिकवतानाही मी हेच सांगायचे की अपराधानंतर माणसाची झोप उडते ती पश्चात्तापानं. अक्षराच्या प्रश्नानंतर नीट विचार केला तर कळलं, माझी झोप उडाली ती तू पडली नाहीस म्हणून. मला डाव फसल्याचा राग होता. त्या रागालाच मी पश्चात्ताप म्हणत होते आणि स्वतःला भली समजत होते. तुझ्यावर मी आजही जळते. तुझ्या आवाजावर जळते, तुझ्या 'न्हाई'वर जळते, आणि सगळ्यात जास्त यावर की तू माझ्याविषयी कधी एक वाकडा शब्द बोलली नाहीस.

काल नरसिंगचा लातूरहून फोन आला. मला वाटत होतं तू जुन्या आठवणीखातर मला बोलावते आहेस, कौतुकाची एक खुर्ची. तो म्हणाला, तसं नाही सिंधुताई, आणि मग त्यानं तुझं सगळं सांगितलं. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर तुझं पाठांतर टिकत नाही, एका ठिकाणी नाही, कुठंही तुटतं. मालिकेत कानात यंत्र घालून वाक्यं सांगतात, आणि हे तू त्याच्याखेरीज कुणालाच सांगितलेलं नाहीस. रंगमंचावर एकदा शेवटचं उभं राहायचं आहे आणि त्यासाठी तुला फक्त माझा भरवसा आहे. हे ऐकलं तेव्हा आधी मला क्षणभर बरंच वाटलं, ज्योत्स्ना, ते मी लपवत नाही. मग मी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसले आणि तुझ्यासाठी रडले, यावेळी नळ न सोडता. रविवारी तू दोन तास बांगडी फिरवत राहशील आणि त्या खुर्चीवर कोण बसलंय हे तुला माहीत नसेल, असं मला होऊ द्यायचं नाही. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावरही मी हवी असेन तर नरसिंगला डाव्या विंगेत खुर्ची ठेवायला सांग. मी सकाळच्या एसटीनं जुनी वही घेऊन येईन. खुर्ची नसली तर मागच्या रांगेत बसून नाटक बघेन, टाळ्या वाजवीन, आणि तुला न भेटता परत येईन. पण टीव्हीवर तू बांगडी फिरवलीस की मी इथं लोह्यात भाकरी थापता थापता त्या रात्री न दिलेले ते दोन शब्द मोठ्यानं म्हणते, कित्येक वर्षं म्हणते आहे, आणि ते तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून इथं लिहून देते. घे. पाहुणा निजलाय.

जळकी, पण तुझीच
सिंधु