शिसं, यीस्ट आणि गुळाचा खडा

अप्पा, आज लातूरच्या कॉलेजात मुलींना यीस्ट दाखवलं. निवृत्त झाले तरी आठवड्यातून एकदा बोलावतात. शिसं मिसळलेल्या दोन प्लेटी होत्या. एकीत साधं यीस्ट, दुसरीत असं, ज्याच्यात एक वाहक प्रथिन तयारच होत नाही. पहिलीत पांढरे ठिपके उगवले होते, दुसरी कोरी. मी सांगितलं, पेशी आधी शिशाला एका रेणूशी बांधते, मग हे प्रथिन ते गाठोडं पंपासारखं आतल्या पिशवीत ढकलतं. विष नाहीसं होत नाही, कोंडलं जातं, आणि पेशी जगते. एकीने विचारलं, "मॅडम, पंपाला वीज कुठून?" म्हटलं, "साखरेतून. उपाशी पेशीचा पंप बंद पडतो." आणि म्हणता म्हणता तुमचा गूळ आठवला.

उदगीरचं तुमचं बॅटरीचं दुकान. तुम्ही जुन्या बॅटऱ्या फोडताय, कढईत शिसं वितळवताय, आणि मधूनच फळीवरच्या डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकताय. त्या ओळीतले सगळेच बॅटरीवाले खायचे. मी नांदेडच्या हॉस्टेलातून सुट्टीला आलेली, सोबत मैत्रीण. तुम्ही खडा फोडून आमच्यापुढे धरलात. "घ्या गं पोरींनो. गुळानं शिसं पोटात टिकत न्हाई." मी ताडकन म्हणाले, "अप्पा, असं काही नसतं. कुठल्याच पुस्तकात नाही." तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळून हसलात. "ऐकलं का मामा? आमची बाई नांदेडला शिकायलीय. आजपासून आमचा गूळ बंद!" आणि खरंच बंद केलात. लेक सांगते म्हणजे खरं असणार. दुपारची भाकरी मात्र त्याच काळ्या हातांनी खात राहिलात.

काही वर्षांनी पोटात कळा सुरू झाल्या, मग मनगटं लुळी पडली. डॉक्टरांनी विचारलं, "जेवायच्या आधी साबणाने हात धुता का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हिनं गुळाचं सांगितलं हुतं. हाताचं न्हाई सांगितलं." तक्रार नव्हती त्यात. विचारलं म्हणून सांगितलंत, एवढंच. तोवर उशीर झाला होता.

मुलींना वाटतं मी उगाच कडक आहे. प्रयोगानंतर दोनदा हात धुवायला लावते, नखं तपासते. "मॅडम लई खाष्ट हाय," मागून ऐकू येतं. येऊ दे.

तुमच्याशी मात्र मी खरं बोलले नाही, अप्पा. हात मला त्या दिवशी दिसले होते. भेगांमध्ये बसलेलं काळं, अंगठ्याचा ठसा उमटलेला तो खडा. मैत्रिणीसमोर 'हात धुवा' म्हणायची लाज वाटली, म्हणून मी पुस्तक पुढे केलं. तुम्ही गेल्यावर आईने तो गुळाचा डबा जपला, आता माझ्याकडे आहे. हा कागद त्यातच ठेवते.

आणि त्या दिवशी तो खडा मला हवा होता.