धुतलेला हौद

तीर्थरूप ताईंना (वयाने तुम्ही माझ्याहून थोड्या लहानच, पण बायकोच्या थोरल्या बहिणीला तीर्थरूप न म्हणण्याची छाती असलेला नवरा अजून जन्मायचाय) शिरसाष्टांग नमस्कार. गुडघ्यांच्या कृपेने आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढी वाकवली आहेत, बाकीची मनाने वाकली आहेत असं समजावं. तुमची कंबर कशी आहे? तुमच्या तळ्यातली बदकं कशी आहेत? बदकांची चौकशी मी आजवर कधी केली नाही हे तुमच्या लक्षात येईलच. पण गेले काही दिवस मला बदकांपासून गांडुळांपर्यंत सगळ्यांबद्दल भयंकर आदर वाटू लागलाय.

तुमच्या बहिणीची प्रकृती आधी सांगतो, कारण तुमचा जीव तिथे टांगलेला असणार. ऑपरेशन चांगलं झालं हे फोनवर सांगितलंच होतं. जे फोनवर सांगवलं नाही ते असं, की त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. खाईना, बोलेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आमचं काम झालं, आता त्यांच्या मनानं घेतलं पाहिजे. तुमच्या बहिणीच्या मनानं काय घ्यावं हे आजवर मला ठरवता आलंय का? मी रोज भेटीच्या वेळेला जायचो, स्टुलावर बसायचो, तिच्या पाठीशी बोलायचो आणि घरी येऊन घड्याळं उघडून बसायचो. चिमट्यात धरलेला स्क्रू दिसेनासा व्हायचा. भिंग पुसून पाहिलं, पण दोष भिंगाचा नव्हता.

एकच गोष्ट ती विचारायची. हौद कसा आहे? मी कसा आहे, जेवलो का, शर्टाला बटणं आहेत का, हे नाही. हौद. तुम्हाला ठाऊकच आहे, परसातला तो सिमेंटचा हौद म्हणजे तिचा जीव की प्राण. तुमच्याच तळ्यातून कळशीभर पाणी आणि मूठभर वनस्पती आणून तिने तो सुरू केला. दरवर्षी तिच्या वर्गातली मुलं तो बघायला येतात, पालथी पडून पाण्यात नाकं बुडवतात आणि जाताना माझ्या दुकानात चिखलाची पावलं उमटवून जातात. मला तो हौद कधी आवडला नाही. हिरवट पाणी, कुजकी पानं, बुळबुळीत भिंती आणि तळाशी बोटभर काळा गाळ. तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती, पण मनात यायचं, ही शिकलेली बाई आणि घरात ही घाण!

तर ताई, मी ठरवलं की ती घरी येईल तेव्हा तिला हौद असा लखलखीत दिसला पाहिजे की भिंतीकडचं तोंड कायमचं इकडे वळेल. आता माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. घड्याळ नीट चालेना की ते उघडायचं, सगळे भाग सुटे करायचे, पेट्रोलमध्ये धुवायचे, ब्रशने घासायचे, पुसून कोरडे करायचे, थेंबभर तेल देऊन पुन्हा होते तसे जोडायचे. आयुष्यभर हेच केलं आणि देवाच्या दयेने एकही घड्याळ माझ्यावर रुसलं नाही. मी हौदही तसाच उघडला. मासे बादलीत काढले. वनस्पती नळाखाली धुतल्या (एकेक पान, दोन्ही बाजूंनी). दगड उकळून घेतले. हो, उकळून, तुमच्या बहिणीच्या मोठ्या पातेल्यात. हे वाक्य वाचून झाल्यावर विसरून जावं. भिंती तारेच्या ब्रशने घासल्या, गाळ पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत दिला आणि गाडीवाल्याला वर चहा पाजला. मग नळाचं स्वच्छ पाणी भरलं आणि सगळे भाग जिथल्या तिथे ठेवले. पाण्यातून हौदाचा तळ दिसत होता. मी कमरेवर हात ठेवून इतका वेळ बघत राहिलो की शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी कुंपणावरून विचारलं, काही हरवलंय का?

हरवलं होतं, पण ते कळायला थोडे दिवस गेले. आधी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. (ते सध्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत पाहुणे आहेत आणि दात काढायला आलेल्यांकडे बघून तोंडं उघडतात.) बेडूक कुणालाही न सांगता निघून गेले. धुतलेल्या वनस्पती माना टाकून बसल्या. मग त्या निर्मळ पाण्यात डासांच्या अळ्या अशा वळवळू लागल्या की संध्याकाळी अख्खी गल्ली अंगावर चापट्या मारत माझ्या नावाने शंख करू लागली. मी पाणी पुन्हा उपसलं, हौद पुन्हा घासला. पुन्हा तेच. असं बिघडलेलं घड्याळ मी पाहिलं नव्हतं.

आणि इकडे रोज तिचा प्रश्न. खरं सांगायची हिंमत कुठून आणू? धडधडीत खोटं बोललो. म्हणालो, मस्त आहे, बेडूक नुसते कोकलतायत. दुसऱ्या दिवशी बेडकांना पिल्लं झाली. त्याच्या पुढच्या दिवशी पिल्लांना पाय फुटले. (एकदा सुटलो की मला आवरत नाही.) तिने पाठमोरीच विचारलं, पिल्लं खातात काय? मी म्हणालो, मी पाव कुस्करून घालतो ना! तशी ती भिंत सोडून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘‘मला उशी लावून बसवा. आणि लक्ष देऊन ऐका.’’

ताई, इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या वर्गात पहिल्यांदा बसलो. पहिला धडा असा, की ऊन आधी हिरव्या पानांत आणि शेवाळात उतरतं, त्यांना खाणारे वेगळे, त्या खाणाऱ्यांना खाणारे वेगळे, आणि अळ्या खायला माणसं नाही तर चतुर किड्याची पिल्लं आणि मासे लागतात. त्या दिवशी मला डास कळले. पुढचा धडा गाळाचा. पान पडतं, किडा मरतो, मासा घाण करतो, ते सगळं तळाशी जातं. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव ते कुजवून पुन्हा पानांच्या उपयोगाचं करून देतात. ती म्हणाली, गाळ म्हणजे हौदाचं स्वयंपाकघर. मी मान डोलावली. ते स्वयंपाकघर मी चहा पाजून रवाना केलं होतं. घड्याळातलं चाक बाहेर काढलं तरी चाकच राहतं. इथे एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या तोंडात जातं, त्यामुळे सुटा असा भागच नाही, आणि सुटा करायला गेलं की हातात काही उरत नाही. हे मला ती समजावत होती आणि मी बावळटासारखा ‘असं होय’ म्हणत होतो.

दुसरी बाजूही सांगतो. ती उलट प्रश्न विचारते. अन्नसाखळीऐवजी अन्नजाळं का म्हणायचं, यावर मी स्टुलाचे पाय मोजू लागलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजींनी अचूक उत्तर दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळकरी झालो. आमच्या बाई (म्हणजे तुमची बहीण) माझ्यावर इतक्या चिडल्या की बोलता बोलता समोरचं सूप त्यांनी सगळं पिऊन टाकलं, आणि वाटी रिकामी झाल्याचं त्यांना कळलंही नाही. मला कळलं. मी त्या दिवसापासून मुद्दाम चुका करतो. (सगळ्याच मुद्दाम नसतात.) आता नर्स धडा संपेपर्यंत ताप बघायला थांबते, आणि डॉक्टर म्हणाले, या रविवारी घरी न्या.

रविवारी, ताई! आणि परसात तो पांढराफटक, मेलेला हौद. ज्याच्या आशेवर ती उठून बसली ते मीच ब्रशने घासून टाकलंय. तिने एकदा बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली तर काय करू? माझ्याकडे दुसरी कळ नाही. कमरेला जपा. बदकांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा एकुलता एक विद्यार्थी (वर्गात शेवटचा)

ता. क. : पत्र लिहायचं कारण राहिलंच. तुमच्या तळ्याच्या काठचा गाळ बादलीभर पाठवा. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. काळा हवा, वास मारणारा हवा, आत वळवळ हवी. तुमचा स्वभाव मी जाणतो, कृपा करून चाळू नका, निवडू नका, आणि धुवू तर मुळीच नका.

आणखी एक ता. क. : हे तिला कळता कामा नये. फोनवर बदकांबद्दलच बोला.

शेवटचं ता. क. : हे हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहितोय, अक्षर समजून घ्या. आत्ता निघताना ती म्हणाली, ‘‘ताईला गाळासाठी पत्र टाकलंत का?’’ पाव कुस्करला म्हणालो तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. भरल्या हौदात पिल्लांना पाव घालायची वेळच येत नाही, ती शेवाळ खरवडून खातात, म्हणाली. मग रागावली का नाहीस, विचारलं. तर म्हणाली, ‘‘रागावले ना. तोवर मी सगळं सोडूनच दिलं होतं. मग वाटलं, या माणसाला एकट्याला मागे ठेवलं तर हा अख्खं घर असंच धुवून काढील. म्हटलं, शिकवल्याशिवाय जाता यायचं नाही. आणि तुमची प्रगती बघता, बरीच वर्षं लागतील.’’ ताई, वॉर्डात सगळ्यांसमोर मी रडलो. आजींनी नॅपकिन दिला. तेव्हा आता लपवालपवी नको, गाळ मात्र दोन बादल्या पाठवा. उचलायच्या मी, ओतायचा तिने, असं ठरलंय.