दगडावर तो सरळ होता

मास्तर, तुमचा आरसा अजून माझ्याकडे आहे. दोन कोपऱ्यांतला पारा उडालाय, चौकट मी दोनदा बदलली, पण काच तीच. लालबागच्या चाळीच्या तळमजल्यावर, आपल्या छपाईच्या खोलीत तो खिळ्याला टांगलेला असायचा. नव्याने शिकायला येणाऱ्याला वाटायचं, केस विंचरायला ठेवलाय. मलाही वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी त्यात बघून वेणी सारखी करत होते, तर तुम्ही मागून म्हणालात, "तो दगडासाठी आहे गं, तुझ्यासाठी नाही." सगळे हसले आणि मी अशी चिडले की दुसऱ्या दिवशी तोंड दाखवणारच नव्हते.

तरी आले, कारण दुसरीकडे जाणार कुठे? गिरणीत राबणाऱ्या बाईच्या मुलीला चित्रकलेच्या शाळेत कोण घेत होतं? तुमच्याकडे फक्त हात स्वच्छ धुऊन यावं लागायचं. पाळी सुटली की कामगार यायचे, नाक्यावरचा शिंपी यायचा, आणि सगळ्यांत मिळून तीन दगड आणि छापायचं एक यंत्र. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, वर शाई फिरवायची, कागद दाबायचा. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर सगळंच उलटं काढायचं आणि कसं उमटेल ते आधी आरशात बघून घ्यायचं. मी एकदा 'सभा' सरळच लिहून बसले तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "सरळ बघायची सवय घरी ठेवून येत जा." छापून झालं की रेती आणि पाणी घालून दगड घासायचा, पुढच्यासाठी कोरा करायचा. त्यातही तुमचा नियम होता, ज्याने काढलं त्याने घासायचं नाही. स्वतःच्या चित्रावर हात जोर देत नाही म्हणायचात, मग ते दगडात थोडं राहतं आणि पुढच्याच्या कागदावर डोकं वर काढतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत आपण सभा आणि मोर्चे सोडून दुसरं काही छापतच नव्हतो. तुमचा मुलगा गिरणीत बदली कामगार. काम नसलं की पोस्टरं काखेत मारून परळपासून गिरगावपर्यंत चिकटवत जायचा. डाव्या भुवईत खाच, लहानपणी विटी लागलेली, तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. दारातूनच ओरडायचा, "ए उलट्या अक्षरांची, झालं का नाय अजून?" मी उत्तर द्यायचे नाही. मग एके दिवशी मोर्चावर गोळीबार झाला आणि तो घरी आला नाही. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

चार दिवसांनी मंडळाची माणसं आली. "मास्तर, पोराचं चित्र पाहिजे. फोटो नाय कुणाकडं." घरी एकच फोटो होता, शाळेतल्या रांगेतला, त्यात तो नेमका हललेला. तुम्ही म्हणालात, "मी काढतो."

तुम्ही बसलाय. आरशाकडे पाठ आहे. समोर काही नाही, नुसता दगड. मी वरच्या बाजूला अक्षरं लिहितेय, उलटी, एकेक तपासून. तुमचा हात एकदाही थांबत नाही. तुम्ही खडू खाली ठेवता आणि दगडावर तो असतो, अगदी दारात उभा असल्यासारखा. "हुबेहूब!" कुणीतरी म्हणतं. मीही म्हणते. मास्तर, खोलीत सगळे हे काम शिकलेले, आणि एकालाही कळू नये? दगडावर हुबेहूब दिसतोय म्हणजे कागदावर चुकणारच. पहिला कागद मी उचलला. अक्षरं सरळ होती आणि त्यांच्याखाली त्याच्यासारखा दिसणारा कुणी भलताच माणूस होता. खाच उजव्या भुवईत, भांग दुसरीकडे, ते तिरकं हसू दुसऱ्या गालात. तुम्ही बघितलंत. बाहेर माणसं खोळंबली होती, तुम्ही दुसरा कागद ठेवलात.

एक पोस्टर मी त्याच्या आईकडे, काकूंकडे नेलं. त्यांनी खिडकीपाशी जाऊन खूप वेळ बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. "हो माझो झील न्हय."

"काकू, तोच आहे. फक्त छापताना..."

"तू माका वळखूक शिकवतंस?"

तुम्ही दुसरा दगड घेऊन तीन संध्याकाळी बसलात, या वेळी उलटा काढायचा म्हणून. काढायचात आणि पुसायचात. शेवटी खडू माझ्याकडे देऊन म्हणालात, "उलटा काढायला गेलो की मलाच ओळखू येत नाही गं." आणि बाहेर दादरपर्यंत प्रत्येक भिंतीवर तो भलताच माणूस चिकटलेला. तुम्ही त्या दिवसांत मान खाली घालून चालायचात.

मग पुढच्या सभेचं पोस्टर आलं. बाकीचे दोन दगड अडकलेले होते, राहिला त्याच्या पहिल्या चित्राचा. मी म्हटलं, "मास्तर, हा राहू दे. खरा तो एवढ्यावरच आहे."

"दगड सगळ्यांचा आहे."

"निदान काकूंना एकदा आणून दाखवू या."

"आणि दाखवून पुसायचा? तिच्या पोराला दोनदा न्यायचं?" मग हळूच म्हणालात, "घास तू. मला नियमाने घासता येत नाही."

मला तुमचा इतका राग आला होता. आजही येतो, मधूनच, भाजी चिरताना वगैरे. तुमच्या जागी दुसरं काय करता आलं असतं हे मला अजून सुचलेलं नाही, तरी येतो. मी रेती पसरली. तुम्ही तांब्याने पाणी सोडत राहिलात. आधी केस गेले, मग हनुवटी, मग हसू. भुवईपाशी मी थांबले तर तुम्ही आणखी पाणी ओतलंत. हात माझाच, पण तुम्ही शिकवलेला. तो कुठेही चुकला नाही. पुढच्या पोस्टरचा पहिला कागद मी दिव्याखाली धरून इंच इंच बघितला. तो कुठेतरी पुसटसा वर आला असेल असं वाटत होतं. काहीच नव्हतं.

राज्य झालं, लोकांनी पेढे वाटले. तुम्ही पेढा हातात घेऊन बसून होतात. पुढे ती खोली गेली, यंत्र गेलं, तुम्ही आरसा वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलात आणि "लागेल तुला" एवढंच म्हणालात. दोन पावसाळ्यांनी तुम्ही गेलात, मग काकू.

परवा ट्रंक आवरताना तेच पोस्टर सापडलं, काकूंनी परत दिलेलं. गुंडाळी सुटेना म्हणून उभं राहून दोन्ही हातांनी उलगडलं. समोर आरसा. आणि मास्तर, त्यात तो होता. खाच डाव्या भुवईत, हसू त्याच्या जागी, आणि त्याच्या डोक्यावर माझी अक्षरं उलटी. इतकी वर्षं आपण त्या आरशाला दगडच दाखवत आलो. छापलेला कागद कुणी कधी धरलाच नाही, धरायचं कारणच नव्हतं. काकूंच्या खिडकीत सुद्धा एक हातातला आरसा होता, कुंकू लावायचा. मी त्याच्या शेजारीच उभी होते.

तुम्हाला हे तेव्हा सुचलं होतं का, म्हणून आरसा दिलात का, विचारायला आता कुणी नाही. हे पत्र टाकायचं कुठे तेही माहीत नाही. रोज एकदा मी ते पोस्टर आरशासमोर धरून उभी राहते, आणि दारातून तो जे विचारायचा त्याचं उत्तर देते, "झालं रे." हात भरून येईपर्यंत धरते. खाली घेतलं की पुन्हा तो भलताच माणूस.