खाली उतरवलेला गंधार

बाई, तुमची पेटी आता माझ्या कीबोर्डमध्ये आहे. हे तुम्हाला कसं समजावून सांगावं, याचाच विचार करत बसले होते. मी कार्यक्रमांना वाजवते तो मोठा कीबोर्ड बाहेरचे आवाजही आत घेतो. पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड करायचा, फाइली पेनड्राइव्हवरून आत टाकायच्या आणि कोणता सूर कोणत्या पट्टीवर वाजणार ते नेमून द्यायचं, एवढंच काम. त्याला मला तीन आठवडे लागले.

हे सगळं तुमच्या धाकट्या बहिणीसाठी. मावशी आता नाशिकला लेकीकडे असतात. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि त्यांनी एकच हट्ट धरला, की त्या दिवशी एक गौळण म्हणेन, पण ताईच्या पेटीवर. तुम्ही मला दिलेली ती पेटी आता हवा धरत नाही. दुरुस्तीवाल्याने भाता बदलून पाहिला, पण लाकूडच चिरलंय, एक गाणंही निभावणार नाही म्हणाला. एकेक सूर मात्र काही सेकंद निघत होता. नवरा भाता मारायचा, मी पट्टी दाबून धरायचे. असे आम्ही सगळे सूर गोळा केले.

कीबोर्डमध्ये घातल्यावर जे वाजलं ते ऐकवत नव्हतं. अख्खी पेटी दीड पट्टी खाली गेलेली, दोन पट्ट्यांवर एकच सूर, आणि पट्टी धरून ठेवली की मध्येच टक् टक्. मी वैतागून सगळी सेटिंग्ज एकदम बदलली. मग काय कशाने बिघडतंय तेच कळेना. तेव्हा मला मनमाडचं तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

मी सातवीत आहे, तुमच्याकडे पेटी शिकायला येते. तुम्ही भाकऱ्या थापताय आणि बाहेरच्या खोलीत पेटीची एक पट्टी न दाबताच वाजतेय. तुमच्या आधी आपणच दुरुस्त करावी म्हणून मी सगळे स्क्रू काढते, आतले सूर, त्या पितळी पात्या, उपसून सतरंजीवर ठेवते आणि कोणता कुठला ते विसरून जाते. तुम्ही पिठाच्या हातांनी दारात येता. तुमचा आवाज चढत नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटते.

"आधी ऐकायचं," तुम्ही म्हणता. "मग एकाच ठिकाणी हात लावायचा. तू ऐकलंस का?"

मी ऐकलं नव्हतं. तो अख्खा रविवार तुम्ही माझ्यासोबत सतरंजीवर बसलात. एकेक सूर ओठांशी धरून फुंकायला लावलात, ओळखायला लावलात, जागेवर बसवून घेतलात. बिघाड निघाला तो पट्टीखाली अडकलेलं शेंगदाण्याचं साल. शेंगदाणे कोणी खाल्ले होते ते तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही मला जेवायला वाढलंत.

मग इथेही तसंच केलं. सगळं पुसून टाकलं, एकच सूर घेतला आणि ऐकला. रेकॉर्डिंगचा वेग आणि कीबोर्डचा वेग जुळत नव्हता म्हणून पेटी खाली बोलत होती, तो जुळवला. टक् टक् येत होती ती सूर जिथे संपून पुन्हा फिरून सुरू होतो त्या सांध्यावर, तो सांधा थोडा सरकवला. एका सुराला भलतीच पट्टी दिली होती, ती बदलली. शेवटी मोबाइलवरच्या ट्यूनरने एक सूर किंचित उतरलेला दाखवला. तोही मी वर ओढून बरोबर केला आणि फार खूश झाले.

तालमीला मावशी तीनदा त्याच ठिकाणी अडल्या. मला वाटलं, वय झालंय, गळा साथ देत नसेल. खालच्या पट्टीत घेऊ या का, असं मी जपूनच विचारलं. त्यांनी मान हलवली.

"गळ्याचं नाही गं. ताईची पेटी इथं टोचत नव्हती. पेटीचा गंधार माझ्या गळ्याला चढा पडायचा, म्हणून तिनं तेवढा एकच सूर ब्लेडनं खरवडून उतरवला होता. मी नववीत होते."

घरी येऊन मी पेटी उघडली. तेवढ्या एकाच सुराच्या मुळाशी बारीक ओरखडे आहेत, बाकीचे सगळे गुळगुळीत. इतकी वर्षं पेटी माझ्याजवळ असून मी ते पाहिले नव्हते. मी तुमची चूक म्हणून जे काढून टाकलं होतं, ते तुम्ही बहिणीसाठी केलं होतं. मी तो एक सूर पूर्वीसारखा केला, दुसऱ्या कशालाच हात लावला नाही.

त्या दिवशी मावशी न अडता गायल्या. गंधारावर आल्या तेव्हा डोळे मिटून जरा जास्तच रेंगाळल्या, आणि मी सूर धरून ठेवला. नंतर लोक माझ्या कीबोर्डचं कौतुक करत होते. मावशींनी फक्त माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला ऐकायला तुम्ही शिकवलंत, बाई. त्याच्यावरच माझं घर चालतं, हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

हे पत्र मावशींना वाचून दाखवणार होते, पण आता नाही दाखवणार. तुम्ही गेल्याचं त्यांनीच मला फोनवर कळवलं होतं, आणि मी सांगितलं होतं की माझा कार्यक्रम आहे, मनमाडला येता येणार नाही. कार्यक्रम नव्हता, बाई. मी दिवसभर घरातच होते.