सोळा नंबरचा गोल

रूसो लेक, उत्तर ओंटारिओ
१२ फेब्रुवारी २०१९

प्रिय आर्मां,

बरा असशील. गुडघा थंडीत त्रास देत असेलच. इथे आज उणे एकतीस आहे.

ताऊनोजवळ फार तर दहा दिवस उरले आहेत, असं डॉक्टर काल म्हणाले. म्हणून लिहिते आहे. एरवी आपला बहीणभावाचा अकरा वर्षांचा अबोला मी मोडला नसता आणि तूही मोडला नसतास.

खाणीच्या धुळीनं माझ्या नवऱ्याची फुप्फुसं दगड झाली आहेत. दोन शब्द बोलला की चार श्वास थांबावं लागतं. तरी खोड जात नाही. काल इस्पितळात वाटाण्याचं सूप नेलं तर म्हणतो, "मास्तरीणबाई, वाटाणे मोजून घातलेत वाटतं!"

आता कामाचं. २२ तारखेला गावच्या आइस हॉकी संग्रहालयात मॅकाले चषकाची भिंत उघडणार आहेत. १९३१ पासून १९६९ ला आपली लीग बंद पडेपर्यंत, दर हंगामात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याचं नाव पितळेत. शेवटचं नाव तुझं, ४२ गोल. ताऊनोचे ४१. शेवटचा विजेता म्हणून चषकही तुझ्याच घरी राहिला.

त्या शेवटच्या रविवारी दुपारी तू निळ्या रेषेवरून मारलेली चकती गोलसमोर उभ्या असलेल्या ताऊनोच्या स्टिकला चाटून आत गेली. गोल त्याचा होता. लागला तुझ्या नावावर.

पद्धत तुला ठाऊक आहे. नोंद आधी पेन्सिलीनं. सामना संपला की नोंद करणाऱ्यानं दहा मिनिटं दार उघडं ठेवून बसायचं, काही चुकलं असेल तर कप्तानानं येऊन सांगायचं, मग शाई. स्वतःचा गोल स्वतः मागायचा नाही. अडतीस साली एकानं मागितला, तर त्याच्या नातवंडांना लोक अजून 'मागत्याची पोरं' म्हणतात. ताऊनो मागणार नव्हताच. कप्तान तू होतास. बाबांची नजर अधू झाल्यामुळे नोंद मी करत होते.

दार दहा मिनिटं उघडं होतं. तू आला नाहीस.

विजेत्याला त्या वर्षी मोठ्या लीगच्या शिबिरात जागा होती. गुडघ्यामुळे तू गेलाच नाहीस. जागा फुकट गेली आणि ताऊनो पुढच्या सोमवारी खाणीत उतरला.

संग्रहालयवाले म्हणतात, जुन्या नियमाप्रमाणे कप्तान आणि नोंद करणारा, दोघांच्या सह्या आल्या तर नाव बदलू. मजकूर सोबत जोडला आहे: 'चकतीची दिशा बदललेली मी पाहिली होती. सांगायचं राहून गेलं.' खाली सही कर. मी का पाहिलं नाही, असं विचारशील. माझ्या जागेसमोर खांब होता.

आईला पुरून परतताना चर्चच्या पायऱ्यांवर मी तुला सगळ्यांदेखत चोर म्हणाले. त्यावर पुढे कधीतरी बोलू. आत्ता वेळ नाही. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं नाव लागू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आर्मां. आज गुडघे टेकून मागते.

ओडील


रूसो लेक
२२ फेब्रुवारी २०१९

प्रिय आर्मां,

माझंच पत्र तू मागच्या बाजूला चार ओळी खरडून परत पाठवलंस. "ओडील, त्या रिंकला खांब नव्हता. चकती मारताक्षणी समोरच्या संघाच्या भिडूनं मला आडवा केला, मी छत बघत होतो. तो गोल मला आजवर माझाच वाटत आला. तू मला चोर म्हणालीस त्या दिवशी घरी येऊन चषक कपाटात पालथा घातला, तो अजून तसाच आहे. तू जे पाहिलंस ते तू लिही. कोऱ्या कागदावर सही करून पाठवतो आहे."

तो कोरा कागद घेऊन मी सबंध सकाळ स्वयंपाकघरात बसले. मग लिहिलं.

आवाज मी ऐकला होता. स्टिकचं टोक हललेलं पाहिलं होतं. पेन्सिलीनं १६ लिहिलं, त्याचा नंबर. मग तो खोडून तुझा ९ लिहिला आणि दहा मिनिटं दाराकडे बघत बसले. तू येऊ नयेस म्हणून. आमचं लग्नाचं बोलणं झालं नव्हतं. शिबिराला गेलेली मुलं आपल्या गावात परत येत नसत. कॉलेज शिकून आलेली चोवीस वर्षांची बाई, आणि मला याहून दुसरा उपाय सुचला नाही.

चोर मी होते. तुला म्हणाले.

हे भिंतीवर लागणार, तेव्हा त्याला आधी वाचून दाखवणं भाग होतं. बुधवारी दुपारी दाखवलं.

"म्हणजे तू पाहिलं होतंस."

"हो."

"कुठे लागली चकती?"

"टोकाला. आतल्या बाजूनं."

"बरोबर. मला वाटायचं, तुझी नजर चुकली. तुझं कधी काही चुकत नाही, म्हणून बोललो नाही. ती चूक मी त्याच दिवशी माफ केली होती, ओडील. आता तू म्हणतेस ती चूक नव्हती."

"तू निघून गेला असतास."

"विचारायचं तरी होतंस. दोन तिकिटं काढली असती."

आणि भिंतीकडे वळला.

तेव्हापासून नर्सच्या हातून खातो. मी चमचा पुढे केला की म्हणतो, "नको, आभारी आहे." पन्नास वर्षांत त्यानं माझे कधी आभार मानले नव्हते. शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं ऐकल्या असत्या.

नाव लागलं. तुझ्या मिशेलीननं फोटो काढून आणला. त्यानं चष्मा मागून घेतला, पुष्कळ वेळ पाहिला. मग तिलाच म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, गोल त्याच्या फटक्यामुळेच झाला. आणि म्हणावं, ये. उशीर नको."

ये, आर्मां. महामार्गावरचं बर्फ काढलं आहे. डॉक्टरांनी दिलेले दिवस काल संपले, पुढचे कुणाच्या हिशेबात नाहीत. मी बाहेरच्या बाकावर बसेन. त्यानं हाक मारली नाही तर आत येणार नाही. त्यानं मारावी असं तू त्याला सांगू नकोस.

जिला बहीण म्हणायचं की नाही हे तू ठरवायचंस, ती
ओडील

सुपूर्द केलं, शुक्रवार, दुपारी चार.
संग्रहालयास: मॅकाले चषक, एक, मिशेलीनच्या हस्ते. १९६९ च्या शेवटच्या सामन्याचा नोंदीचा कागद, एक. नऊखाली सोळाची खूण अजून दिसते. निवेदन, एक. सह्या दोन.
मिशेलीनकडे, तुझ्यासाठी: ताऊनोच्या खोलीत सोबतीला राहणाऱ्याचा पास, एक. माझं नाव खोडून तुझं घातलं आहे.